विधुर बोक्याचे नाव

माझ्या पाठीवर सध्या कॉफीची किटली असते. हसू नका, मित्रांनो. मी एक जुना सबवूफर आहे. गाण्यातला सर्वांत खालचा, कानांपेक्षा पोटाला आधी कळणारा आवाज काढणारा मोठा स्पीकर. पंधरा इंच रुंद तोंड आणि मागे भाकरीच्या तव्याएवढे लोहचुंबक. आता मी उपडा पडलो आहे, म्हणून चुंबकाची बैठक झाली आहे. पण एके काळी मी सगळ्यांकडे नाक वर करून पाहत असे.

कारखान्यात माझ्यासारखे तीनशे भाऊ एका रांगेत उभे होते. तपासणाऱ्या बाईने दोन्ही अंगठ्यांनी माझा पडदा दाबला आणि म्हणाली, "ठीक." बस्स, ठीक! त्या एका शब्दाचा राग मी जहाजात, बंदरात आणि बारांकिया शहरातल्या दुकानाच्या काचेतही जपून ठेवला. दुकानदाराला माझ्यातले आणि पंख्यातले अंतर कळत नव्हते. शेजारचे लहान स्पीकर दिवसभर पुटपुटत. मी त्यांच्याशी बोललोसुद्धा नाही.

मग रुबिएल आला. तिशीचा, फ्रिज दुरुस्त करणारा, बोलण्यात घाई. त्याच्याकडे दोन माणसांची एक छोटी लाल स्पोर्ट्स कार होती, इतकी बुटकी की शेजारून गाढव गेले तरी मान वर करून बघावे लागे.

त्याने मला कसे निवडले ते ऐका. आमच्या बारांकियात पिको असतात. पिको म्हणजे कपाटापेक्षा उंच ध्वनिपेटी, दर्शनी फळीवर भडक चित्र आणि स्वतःचे नाव. तो किती चांगला, हे लोक कोपऱ्यांनी मोजतात. दुसऱ्या कोपऱ्यावर ऐकू आला तर बरा, चौथ्या कोपऱ्यावर आला तर जबरदस्त. दुकानदाराने मला एका भल्या मोठ्या पेटीत बसवून फुटपाथवर ठेवले. रुबिएल चालत चालत चौथ्या कोपऱ्यावर गेला आणि तिथून त्याने दोन्ही हात उंचावले. गाडीत बसून आवाज कसा लागेल, हे त्याने विचारले नाही. दुकानदाराने सांगितले नाही. आणि मला तर तेव्हा वाटले, निवड याहून शहाणी असूच शकत नाही.

त्याची घाई वेगळ्याच गोष्टीसाठी होती. त्याचे वडील कासिल्दो यांनी चाळीस वर्षे स्वतःचा पिको वाजवला. त्याचे नाव 'विधुर बोका'. फळीवर दंडाला काळी फीत बांधलेला पिवळा बोका रंगवलेला होता. पेट्या कुजून गेल्या, आणि म्हाताऱ्याचे कानही गेले. उरली ती फळी. चार वर्षे तिचे तोंड भिंतीकडे होते.

"बाबा, ते नाव मला द्या," रुबिएल मोठमोठे हातवारे करत म्हणायचा.

"ज्या पेटीला मी होकार देईन तिलाच नाव," म्हातारा म्हणायचा. "आणि कार्निव्हलपर्यंत तशी पेटी मिळाली नाही, तर फळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावीन. निदान कोंबड्यांना लागणारा वारा तरी अडेल."

कार्निव्हलला तीन आठवडे उरले होते.

मला बसवायला रुबिएल एदेल्मिराकडे गेला. पन्नाशीची ही सुतारीण पेट्या बांधते आणि गाड्यांत तारा ओढते. पेटीची पोकळी ती तांदूळ ओतून मोजते. भोपळ्याच्या वाडग्याने एकेक वाडगा मोजत ओतायचा, पेटी शिगोशीग भरली की आकडा फळीवर खडूने लिहायचा. संध्याकाळी तोच तांदूळ नारळाच्या दुधात शिजतो.

"याला शंभर वाडग्यांची पोकळी लागते," तिने माझ्याकडे बोट दाखवले. "तुझ्या डिकीत पन्नास मावतात. श्वास कुठून घेणार हा? आणि डिकी नि सीट यांच्यामध्ये पत्रा आहे. आवाज सगळा मागच्या मागे पळून जाईल."

"मावशी, लोकांना ऐकू गेला म्हणजे झालं."

"लोकांना? की बाबांना?"

"बसव तू."

"बसवते. हात माझे, अक्कल तुझी."

मी तिला मनातल्या मनात तुच्छ ठरवले. तांदळाने संगीत मोजणारी बाई! तिच्या कामाच्या जागेत खालच्या फळीवर एक दहा इंची म्हातारा स्पीकर होता. त्याच्यावर तेव्हा कॉफीची किटली असे. त्याच्याकडे तर मी पाहिलेसुद्धा नाही.

काम मात्र तिने चोख केले. बॅटरीपासून जाड तार गालिच्याखालून नेली, बॅटरीजवळच फ्यूज लावला, अर्थिंगची तार जोडण्याआधी पत्र्याचा रंग खरवडून लोखंड चमकवले. माझ्यासाठी सुटे चाक बाहेर काढावे लागले. त्यावरही मी हसलो. संकटाची वाट पाहत अंधारात पडून राहायचे, हा काय धंदा! माझ्यामुळे डिकीचे झाकण मिटेना. रुबिएलला त्यात शान वाटली, आणि मलाही.

रविवारी दुपारी सारी गल्ली जमली. रुबिएलने वडिलांना हात धरून गाडीत बसवले, गाडीचे घडीचे छत वर ओढले, दारे लावली. म्हाताऱ्याने तळवे मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. रुबिएलने गाणे लावले.

मी काय गरजलो म्हणून सांगू! खिडक्या थरथरल्या, नंबराची पाटी खडखडली, समोरच्या घरातला पोपट दांडीवरून खाली आला. पोरे नाचू लागली. तिसऱ्या कोपऱ्यावरून कोणीतरी शिट्टी मारली. अर्धे गाणे झाले. म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि मुलाकडे वळून सौम्यपणे म्हटले,

"सुरू कर की."

आधी कोणाला कळलेच नाही. मग एक बाई फिस्सकन हसली आणि सारी गल्ली हसली.

"बाबा, सुरूच आहे!" रुबिएल ओरडला.

"काय?"

"सुरू आहे! वाजतोय!"

म्हाताऱ्याने त्याच्या ओठांकडे पाहिले, मग मागे वळून उघड्या डिकीकडे पाहिले. "अच्छा," तो म्हणाला. "मग तो गल्लीसाठी वाजत असेल." आणि दार उघडून उतरायला लागला.

रुबिएलने चिडून बटण शेवटपर्यंत फिरवले. मीही चिडलो होतो. माझ्याकडे असेल नसेल ते सारे मी त्या सीटच्या पत्र्यावर फेकले. अपुऱ्या पेटीत मी आपटलो, तापलो, आणि जळालेल्या साखरेसारखा वास आला. माझी तार जळाली होती. दुकानातून निघाल्यापासून माझे आयुष्य मोजून अकरा दिवसांचे झाले.

दुसऱ्या दिवशी रुबिएल खाली मान घालून एदेल्मिराकडे आला. ती एवढेच म्हणाली, "बाबांना घेऊन ये."

तिने मला डिकीतून काढून बाकावर उपडे ठेवले, खालच्या फळीवरून तो दहा इंची म्हातारा स्पीकर उचलला, किटली माझ्यावर ठेवली, आणि पंचवीस वाडग्यांची एक घट्ट बंद पेटी बांधली. कासिल्दोला गाडीत बसवून, गाणे लावून, ती पेटी इकडेतिकडे सरकवत राहिली. आधी पायाशी. म्हाताऱ्याने मान हलवली. मग दोन सीटच्या मधे, मग सीटच्या मागे.

"खाली घे," म्हातारा म्हणाला. "अजून. जरा डावीकडे."

मी बाकावरून पाहत होतो. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस पाठीने आवाज निवडतो आहे, हे मला फार हास्यास्पद वाटायला हवे होते. तेवढ्यात त्याची बोटे मांडीवर चालू लागली, अगदी तालात.

"हे लबाड गाणं!" तो म्हणाला. "तुझ्या आईला चिडवायला मी हेच लावायचो. ती चप्पल घेऊन यायची."

रुबिएलने गाडीच्या टपावर कपाळ टेकले.

फळीचे तोंड भिंतीकडून वळले. छोट्या पेटीवर सगळा बोका मावेना, म्हणून एदेल्मिराने फक्त त्याचा एक पिवळा डोळा आणि काळी फीत रंगवली. नाव मात्र पूर्ण लिहिले. सुटे चाक डिकीत परत गेले, आणि झाकण मिटले.

मित्रांनो, मी आयुष्यभर सगळ्यांना तुच्छ मानले. दुकानदार आणि चौथा कोपरा यांच्याबद्दलचे माझे मत अजूनही बदललेले नाही. पण सर्वांत जास्त हसण्यासारखा मीच होतो, हे कबूल करायला मला किटलीखाली पुरेसा वेळ मिळाला. तुम्ही काही घ्याल, तेव्हा ते कोणासाठी घेता हे आधी ठरवा, आणि त्या माणसाला तिथे बसवून विचारा. वस्तूला तिच्या मापाची जागा द्या. चिडून बटण फिरवू नका, आम्ही जळतो.

आता दर रविवारी सकाळी कॉफीच्या वेळी माझ्या पाठीवर किटलीशेजारी ठेवलेल्या कपात बारीक वर्तुळे उठतात. लाल गाडी अजून दिसलेली नसते, रस्त्यावर काहीच ऐकू आलेले नसते. माझा मेलेला पडदा मात्र थरथरतो, दुसऱ्याच्या आवाजाने. एदेल्मिरा कपाकडे बघते आणि आणखी दोन कप काढते.

"आले म्हातारबुवा," ती म्हणते.