दाढेवरची रेघ

मी एक जुनी दाढ आहे. जुनी म्हणजे किती, तर सुमारे तीन हजार वर्षांची. पण मित्रांनो, एवढ्या आयुष्यात मी एक घाससुद्धा चावलेला नाही. हसू नका हं, आधी ऐका तर.

मी घडले एका लहान मुलीच्या जबड्यात. तिचं नाव सांगून उपयोग नाही, कारण तेव्हाची भाषा आता कुणालाच येत नाही. गोरेगावच्या शिवारात आज जिथे पाझर तलाव आहे, तिथे तेव्हा कुडाची घरं होती. दात हिरडीच्या आत अंधारात घडतो, थरावर थर चढत. लेकराला दूध मिळालं, झोप मिळाली की थर गुळगुळीत बसतो. लेकरू आजारी पडलं, उपाशी राहिलं की काम अडतं आणि अडलं तिथे खाच पडते. मोडलेलं हाड पुन्हा जुळून येतं. दातावरची रेघ मात्र कायमची.

माझ्यावर दोन रेघा आहेत. पहिली, मुलीचं अंगावरचं दूध सुटलं तेव्हाची. तिला जुलाब लागले आणि आईने घाबरून तिचं खाणंपाणी तोडलं. प्रेमानंच तोडलं हो! पोटात काही गेलं नाही तर बाहेरही पडणार नाही, असं तिला वाटलं. मुलगी कशीबशी वाचली. दुसरी रेघ पाऊस न आलेल्या वर्षाची. त्यातूनही मुलगी उठली, पण पुढे खंगत गेली आणि पाच वर्षांची होता होता संपली. मी अजून हिरडीच्या आतच होते. आईने दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात तिला निजवलं आणि घराच्याच जमिनीत पुरलं. वर आई दळायला बसली की मला घरघर ऐकू यायची. पुढे तीही थांबली.

मग एकदम बहात्तरचा दुष्काळ. तलावाच्या दुष्काळी कामावर मालनबाई नावाच्या मजूर बाईची कुदळ आमच्या रांजणाला लागली. धनाचा हंडा सापडला म्हणून माणसं हातातलं टाकून धावली. मुकादम उत्तमरावांनी सगळ्यांना मागे सारून कोपरापर्यंत हात घातला, आणि बाहेर काय आलं? माझा जबडा. बायका म्हणाल्या, कुणाचं तरी लेकरू आहे, झाकून टाका.

तलाठ्याने वर कळवलं, तशा पुण्याहून जुन्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी मला जबड्यातून अलगद सोडवलं, कुंचल्याने पुसलं, भिंगाखाली धरलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे नीट बघत होतं, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! हे लेकरू दीड-दोन वर्षांचं असताना फार दिवस आजारी आणि उपाशी होतं, असं त्यांनी माझी पहिली रेघ दाखवत सगळ्यांना सांगितलं.

उत्तमराव हसले. "बैलाचा दात बघून वय कळते, व्हय. बाजारात आमी तेच करतो. पण दुखणं बी कळते म्हणता? मंग आमचा तांबडा काहून लंगडून राहिला, ते बी सांगा."

सगळे हसले. मालनबाई हसली नाही. बाभळीच्या झोळीत तिची अडीच वर्षांची केशर निजली होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. तिला जुलाब लागले होते आणि मालनबाईने तिचं पाणी तोडलं होतं. कामावर वाटलेली सुकडी, म्हणजे ते गोड कोरडं पीठ, पोरगी बरी झाल्यावर द्यायची म्हणून पदराला तशीच बांधलेली होती.

मालनबाईने मला मागून घेतलं आणि नखाने रेघ चाचपली.

"या लेकराच्या मायनं पाणी तोडलं असल का, बाई?"

"ते दातावरून कळत नाही," बाई म्हणाल्या.

मला माहीत होतं, मित्रांनो. पण सांगणार कशी?

मालनबाई म्हणाली, "माझी सासू म्हणते, पाणी दिलं की पोरगी हातची जाईल."

बाई झोळीजवळ गेल्या. आपण औषधाच्या डॉक्टर नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. पण बाहेर जातंय तेवढं आत गेलंच पाहिजे, म्हणाल्या. उकळून गार केलेलं पाणी, चिमूटभर मीठ, थोडा गूळ, घोटघोट पाजा आणि सेनगावच्या दवाखान्यात न्या.

त्या पुढे गेल्यावर उत्तमराव हळूच म्हणाले, "ऐकू नको, मालन. मढ्याचे दात बघणारी बाई ती, तिला जित्या लेकराचं काय कळते? माझ्या नातवाचं बी पाणी तोडलंय. होईल खडखडीत."

मालनबाईने झोळीतल्या केशरकडे पाहिलं. मग तिने मला बाईंकडे परत दिलं आणि तीन दगड मांडून पाणी उकळायला ठेवलं.

ते पाणी गार व्हायच्या आत माझी रवानगी पुण्याला झाली. कापूस, डबी, कपाट. आधी माझं फार कौतुक झालं, मग धूळ बसली. केशरचं काय झालं, ते मला कोण सांगणार?

चार-पाच वर्षांनी बाई मला घेऊन पुन्हा तलावावर आल्या. मालनबाईमागून एक पोरगी धावत आली आणि पुढचे दोन नवे दात दाखवत हसली. केशर! दोन्ही दातांवर आडवी रेघ होती, अगदी माझ्यासारखी. बाईंनी तिचा गाल थोपटला.

उत्तमराव कडेला उभे होते. पार वाळले होते.

"बाई," ते म्हणाले, "नातवाला पुरलं ती जागा दाखवतो. त्याचे दात बघता का? पाणी पाजलं असतं तर राहिला असता का, तेवढंच सांगा."

तेही दातावरून कळत नाही, एवढंच बाईंनी सांगितलं. मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. दुखण्यातून उठलेल्या लेकराच्याच दातावर रेघ उमटते. कारण काम पुन्हा सुरू झालं, तरच ते कुठे अडलं होतं ते दिसतं. त्या नातवाच्या दातांवर त्या दुखण्याची रेघ नसेल.

मित्रांनो, घरात धाकटं भावंड आजारी पडलं आणि कुणी त्याचं पाणी तोडायला निघालं, तर तुम्ही लहान असलात तरी मध्ये पडा, भांडा, तांब्या हातात घ्या. दातावर रेघ राहिली तर राहू द्या. लेकरू राहिलं पाहिजे.