फिरता लॅपटॉप आणि माईंचं टेबल

जुना कॉम्प्युटर होता तोवर माईंच्या घरात शिस्त होती. मागच्या खोलीत तो भिंतीला पाठ लावून बसलेला असे, आणि त्याच्यासमोर माईंचे यजमान. दार लावलेलं. आत ते प्रुफं तपासत, बाहेर जेवणाच्या टेबलावर माई कापड कापत. दोघांची गाठ चहाला पडे, आणि तेवढी पुरे असे.

यजमान छापखान्यात मुद्रितशोधक होते. तिथे त्यांना सगळे कानामात्रा म्हणत; ते नाव इतकं चिकटलं की माईसुद्धा माघारी तेच म्हणू लागल्या. त्या काळी प्रुफं दोघांनी मिळून तपासायची रीत होती. एकाने मूळ प्रत विरामचिन्हांसकट मोठ्यांदा वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून ऐकायचं. वाचायला लग्नाआधीच्या माई असत. शाईचा वास, यंत्रांची धडधड, आणि तिच्यावर आवाज चढवून त्या ‘स्वल्पविराम’ म्हणाल्या की समोरचा तरुण मान खाली घालून हसायचा. पुढे माई शिवणकामाला लागल्या, छापखाना बंद पडला, आणि घरी पुस्तकं तपासताना वाचणारेही तेच आणि ऐकणारेही तेच झाले. पण बंद दाराआड.

मग कॉम्प्युटरने मान टाकली आणि परगावच्या मुलाने लॅपटॉप धाडला. वर फोनवर बापाला सांगितलं, की आता एका जागी बसायची गरज नाही, कुठेही घेऊन बसा. हे पोराने बोलायला नको होतं, असं माईंना मागाहून वाटलं.

कानामात्रा आधी खिडकीपाशी बसले. पडद्यावर ऊन आलं तसे सोफ्यावर गेले. तिथे मांडी भाजायला लागली. ओट्याशी उभं राहून पाहिलं, तर फोडणी उडाली. शेवटी त्यांना घरातली सर्वांत उत्तम जागा सापडली. उजेड डावीकडून, उंची बेताची, आणि समोर बायको. ते माईंचं टेबल होतं.

“तुझं कापड जरा तिकडे सरकव की,” ते म्हणाले.

माईंनी सरकवलं. कापड साधंसुधं नव्हतं. समोरच्या दंतवैद्यीणबाईंच्या मुलीच्या लग्नाचा झगा होता तो, मोतिया रेशमाचा, आणि तसलं रेशीम आता बाजारात शोधून मिळत नव्हतं. अर्ध्या टेबलावर झगा कापता येत नाही आणि जमिनीवर बसायला माईंचे गुडघे तयार नव्हते. टेबल हवंच होतं. पण एवढ्या वर्षांनी दाराबाहेर येऊन खुशीत बसलेल्या माणसाला ऊठ कसं म्हणायचं?

तर माई कापत राहिल्या आणि समोर वाचन चाललं. एक जाडजूड कादंबरी होती.

“काका दारात उभे राहिले स्वल्पविराम घसा खाकरला स्वल्पविराम आणि म्हणाले स्वल्पविराम चहा मिळेल का प्रश्नचिन्ह.”

माईंची कात्री चालत होती, पण मन जागच्या जागी थबकलं. कुठले काका? काका तर काही प्रकरणं मागेच नदीत बुडाले होते. सगळं घर रडलं होतं. माईंनाही जरासं भरून आलं होतं. मग हे चहा कोण मागतंय? मन काकांची चौकशी करून परत आलं तोवर टेबलावर दोन बाह्या कापून तयार होत्या. माईंनी एकीवर एक ठेवून पाहिली. तंतोतंत जुळल्या. जुळायला नको होत्या. दुसरी कापताना मापाचा कागद उलटा करायचा राहिला होता.

“अहो, ते काका मेले होते ना?”

“कुठले काका?”

“बुडालेले. तुम्हीच तर वाचलंत.”

“मी अक्षरं बघतो,” कानामात्रा म्हणाले. “कोण मेलं, कोण जगलं, ते लेखकाने बघायचं.”

“आणि या नवरीचे दोन डावे हात? ते कोणी बघायचे?”

कानामात्रा ओशाळले. टेबलाच्या टोकाला जाऊन पुटपुटत वाचू लागले. त्याने तर आणखी घोटाळा झाला, कारण आता माईंना कान टवकारून ऐकावं लागत होतं.

तेव्हा माईंनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. जुना पडदा आणि कीबोर्ड माळ्यावर पडलेच होते. ते लॅपटॉपला जोडता येतील, असं तो म्हणाला. थोडक्या वायरींत काम भागेल, असंही म्हणाला. माईंनी सांगितलं, की त्यात काटकसर नको. त्याने पडदा जोडला, कीबोर्ड जोडला, माउस, प्रिंटर, होते नव्हते ते स्पीकर जोडले. लॅपटॉप मागच्या खोलीत सलाइन लावलेल्या पेशंटसारखा निपचित पडला. तो उचलायची आता कानामात्रांची छाती नव्हती. पण अक्षरं टपोरी दिसू लागली म्हणून तेही खूश होते. दार लागलं.

माईंनी त्या लांब बाह्यांतून कोपरापर्यंतच्या दोन काढल्या, एक डावी, एक उजवी. मुलीला अशाच शोभतील, असं दंतवैद्यीणबाईंना ठणकावून सांगितलं. मुलगी म्हणाली, की ती पहिल्यापासून हेच म्हणत होती, पण आई ऐकेल तर ना.

टेबल मिळालं, शांतता मिळाली, झगा शिवून होत आला. पण काका डोक्यातून जाईनात. मेलेला माणूस दारात येऊन चहा मागतो. त्याला कोणी दिला की नाही? माईंनी दाराला कान लावून पाहिला. आतून नुसती गुणगुण.

झग्याची खालची पट्टी हाताने घालायची होती, आणि त्याला काही टेबल लागत नाही. माईंनी झगा कवेत घेतला, पायाने दार लोटलं आणि आतल्या स्टुलावर बसल्या.

“काय गं? टेबल दिलं ना तुझं?”

“वाचा,” माई म्हणाल्या. “काकांपासून.”

कानामात्रांनी बायकोकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि वाचायच्याऐवजी पानं मागे मागे न्यायला लागले. नदीपाशी थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते स्वल्पविराम न उच्चारता, मनातल्या मनात वाचत होते.

“खरंच मेलेत गं,” ते हळूच म्हणाले. “लेखकाला कळवायला हवं.”

माईंनी दाताने दोरा तोडला.

“कळवा की. पण आधी त्यांचा चहा होऊ दे.”