सीलबंद सांध्याला दिलेली सुई

मित्रांनो, मी एक जुना सांधा आहे. माणसाचा नव्हे, मोटारीचा. पुढच्या डाव्या चाकामागे, वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी मी एकोणीस वर्षं बसलो आहे. चाक उसळो की वळो, त्याला गाडीशी धरून ठेवणं हे माझं काम.

कारखान्यात एक गुळगुळीत पोलादी गोळा वाटीत बसवला, चिमूटभर ग्रीस भरलं, वर रबराची टोपी चढवली आणि मी तयार झालो. "याला आता जन्मभर वंगण लागायचं नाही," कारागीर म्हणाला. कोणाच्या जन्मभर, ते त्याने सांगितलं नाही.

माझी मालकीण फिजिओथेरपिस्ट आहे. सगळे तिला ताई म्हणतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना ती घरी जाऊन पुन्हा चालायला शिकवते. रोज पाच घरं, पाच दिशांना. वर्षानुवर्षं मी मुकाट्याने वळलो आणि कोणी माझी आठवणही काढली नाही. आमच्यासारख्यांचं कौतुक ते एवढंच.

मग आतलं ग्रीस आटलं. गोळा वाटीला घासू लागला आणि प्रत्येक वळणावर माझ्यातून कुरकूर निघू लागली. एका आजोबांनी खिडकीतून ऐकून विचारलं, "ताई, आज पेशंट कोण, मी की तुमची गाडी?"

ताईचा मोठा भाऊ दर रविवारी गाडीखाली शिरायचा आणि माझ्यावर तेलाचा फवारा मारायचा. तेल टोपीवरून ओघळून फरशीवर पडायचं. तीन डबे संपले, पण थेंबही आत आला नाही. शेवटी दादा वैतागला. "पुढचं सगळंच गेलंय. उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

"आणि माझी पाच घरं? तू पाठीवर घेऊन फिरवणार मला?" ताई म्हणाली आणि तडक गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेली. दादाही मागोमाग आला.

गॅरेजच्या काकांनाही आवाज नेमका कुठून येतो ते कळेना. तेव्हा ताईने बाह्या सरसावल्या. "दादा, स्टिअरिंग हळूहळू फिरव." गुडघा तपासताना ठेवते तसा तिने एकेका सांध्यावर तळहात ठेवला. माझ्यावर हात येताच ती थांबली. "हा. हाताला खरखर लागते."

काकांनी गाडी जॅकवर घेतली, चाकाखाली पहार घातली आणि ती दाबून चाक हलतं का ते पाहिलं. मित्रांनो, तो क्षण माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब क्षण होता. मी ढिला निघालो असतो, तर जागीच निकालात निघालो असतो. आणि ते योग्यच झालं असतं. ढिला सांधा धावत्या गाडीचं चाक सोडू शकतो. ग्रीसने झीज भरून येत नाही.

काकांनी तीनदा पहार दाबली. चौथ्यांदा ताईने दाबली.

"थोडा झिजलाय, पण खेळ नाही, वाटीत गोळा हलत नाही. टोपीही शाबूत आहे," काका म्हणाले. "बिचारा कोरडा पडलाय."

त्यांनी ग्रीसगनला बारीक सुई जोडली आणि माझी टोपी फडक्याने लख्ख पुसली.

"अहो, सीलबंद आहे ना तो? भोक कसलं पाडताय?" दादा ओरडला.

"माणसाची कातडी तरी कुठे उघडी असते?" ताई म्हणाली. "गुडघ्यात सुई देतातच की डॉक्टर."

सुई आत आली. मग गार, मऊ ग्रीस आलं. टोपी जराशी फुगताच काका थांबले, कारण जास्त भरलं तर रबर फाटतं. भोकावर त्यांनी रबराच्या लुकणाचा ठिपका दिला आणि तो वाळेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. मग दादाने स्टिअरिंग फिरवलं. काहीच ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा फिरवलं. "बिघडलं की काय?" तो म्हणाला, आणि ताई हसतच सुटली.

"नवा सांधा मागवून ठेवतो," काकांनी बजावलं. "तोवर दर महिन्याला हलवून दाखवा. खेळ आला की त्याच दिवशी गाडी उभी."

मला वाईट वाटलं नाही. कधीतरी निघावं लागणारच, पण माझ्यामुळे कोणाला इजा न होता निघेन.

मित्रांनो, बंद दिसतं त्याला काही लागत नाही, असं समजू नका. आणि कुरकूर ऐकलीत, तर वरवर फवारा मारू नका; हात ठेवून नेमकं कुठे दुखतंय ते पाहा.

त्या दिवशी ताईची पाचही घरं झाली. शेवटच्या घरी एक आजी आठ महिन्यांत पहिल्यांदाच काठीशिवाय दारापर्यंत आल्या. मी बाहेर उभा होतो. एवढी शांतता होती, की त्यांची पावलं मला मोजता आली. सात.