बंद खोलीतला कूलर

मे महिन्यात आमच्या हिंगणीत ऊन कितीही तापू द्या, माणूस त्याले पुरून उरते. दारं-खिडक्या लावायच्या, खिडकीतल्या कूलरमधे पाणी भरायचं अन् पडून राह्यचं. पण पोळा झाल्यावर पावसानं आठ दिवस दडी मारली अन् ओल्या जमिनीवर ऊन पडलं, की जी उमस सुटते तिच्यापुढे कोणाचंच चालत नाई. मिठाले पाणी सुटते, माचिस पेटत नाई, आंघोळ करून निघालं तरी पाठ चिपचिप. अन् चांगली चांगली माणसं एकमेकायच्या अंगावर धावून जातात.

माह्या नवऱ्याचं नाव बापूराव. सरकारी हापिसात बाबू होते, आता रिटायर, वय एकोणसत्तर. बीपीची गोळी चालू आहे, तिच्यानं लघवीले घडीघडी जा लागते. राग तं जन्मापासून नाकावर. त्या रविवारी सकाळी त्यायनं दोरीवरची बनियान काढली. तिसरा दिवस होता, तरी ती ओलीच, अन् कुबट वास मारून राह्यलती. "हे घालू मी? घरात बाईमाणूस आहे का नाई?" म्हणत त्यायनं ती माह्या पायापाशी फेकली.

तळपायाची आग मस्तकात गेली माह्या. रात्रभर मलेही झोप नव्हती, डोकं ठणकून राह्यलतं. "ऊन काय मी आणून देऊ? एवढं आहे तं आपल्या हातानं धूत जा," मी म्हटलं. झालं, तिथून अबोला सुरू.

आमच्या अबोल्याचे कायदे आहेत, बेचाळीस वर्षांपासूनचे. जो आधी बोलला तो हरला. ताट वाढून झाकून ठेवायचं, हाक मारायची नाई. चार वाजता चहा करायचा अन् कपबशी जरा जोरानं वाजवायची, म्हणजे समोरच्यानं समजून यायचं. चहानंतर कोणीतरी नरमते. बहुतेक वेळा मीच. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, आज माघार घ्यायची नाई.

बारा वाजता हे दोन घास खाऊन मागच्या खोलीत गेले. पावसाळा लागला तेव्हा आमी कूलर खिडकीतून काढून आत कोपऱ्यात ठेवलता. त्यात दोन बादल्या पाणी ओतल्याचा आवाज आला. चिलटं येतात म्हणून त्यायनं खिडकी लावली, अन् मंग दारही लावलं. ते मात्र मले दाखवाले. कूलर घरघरत सुरू झाला. पडा म्हटलं गारव्यात, अन् मी ओट्यावर पदरानं वारा घेत बसली. बाहेर झाडाचं पान हलून नव्हतं राह्यलं.

दोनच्या सुमाराले आतून आवाज आला. "सुलोचना."

एकदाच, हळू. हे मले नावानं हाक मारत नाईत, 'ऐकलं काय' म्हणतात. मले ते साफ ऐकू आलं. मी मनात म्हटलं, आली स्वारी ठिकाणावर. अजून एकदा हाक मारतीन तं जाईन, एवढी काय घाई आहे. पुन्हा हाक काई आली नाई. कूलर चालू होता, अन् कूलर चालू आहे म्हणजे माणूस सुखात आहे, असं आमच्याकडचं गणित. मी भाजी निवडत बसली. जिंकल्यासारखं वाटून राह्यलतं मले, खोटं काऊन बोलू.

चार वाजता चहा केला, कपबशी वाजवली. काई नाई. दुसऱ्यांदा वाजवली. चहाले हे कधी नाई म्हणत नाईत, अबोला असो नाईतं ताप असो. मी दार ढकललं.

भाताच्या गंजावरचं झाकण काढलं की येते, तशी गरम ओली वाफ तोंडावर आली. भिंती ओल्या झालत्या. हे बाजेवर आडवे, एक पाय खाली लोंबलेला, तोंड लालभडक. कपाळाले हात लावला अन् झटक्यात मागे घेतला, इतकं आंग तापलतं. "अवो, काय होऊन राह्यलं तुमाले? उठा ना."

त्यायनं डोळे उघडले, माह्याकडे पाह्यलं अन् म्हणाले, "बाई, साहेब आले काय? फाईल सापडत नाई."

मले वाटलं, रागानं सोंग करून राह्यले. खांदे धरून हलवलं. "सोंग नका करू. मी हरली, बस? मीच आधी बोलली, पाहा." ते माह्याकडे पाहून राह्यलते, पण त्या डोळ्यात मी कुठंच नव्हती. मी कुंपणापाशी धावली अन् शेजारच्या अश्वजितले हाक मारली.

अश्वजित सुट्टी म्हणून घरी होता. त्यानं कूलर बंद केला, खिडकी उघडली, बाज बाहेर ओढली. "काकू, आंग पुसा ओल्या फडक्यानं, मी गाडी काढतो." सेलूच्या दवाखान्यापर्यंत मी त्यायचं डोकं मांडीवर घेऊन बसली अन् श्वास मोजत राह्यली. मधेच एक श्वास लांबला तं मी किंचाळली. अश्वजितनं मागे पाह्यलं नाई, गाडी अजून जोरात नेली.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाईनं बगलेत बर्फ ठेवला, सलाईन लावली, अन् तासाभरानं ती बाहेर आली. "आजी, हवेतच इतका ओलावा आहे की घाम वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड कसं होणार? त्यात बंद खोलीत कूलर. मे महिन्यात तो कोरडी हवा बाहेरून ओढतो, आज तिथलीच ओली हवा फिरवत होता. आणखी उशीर झाला असता तर हातात काही उरलं नसतं." मंग तिनं इचारलं, "त्रास सुरू झाला तेव्हा त्यांनी हाक वगैरे नाही मारली?"

"नाई," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. अश्वजित बाजूलेच उभा होता.

दिवेलागणीले हे शुद्धीवर आले. पहिले छताकडे पाह्यलं, मंग माह्याकडे. "तू काऊन रडून राह्यली?" मले ओळखलं. माह्या जिवात जीव आला, मी त्यायचा हात घट्ट धरला.

"मी हाक मारलती तुले," हे म्हणाले. "हातपाय उचलत नव्हते. मंग वाटलं आता संपलं. कूलरच्या आवाजात तुले ऐकू नसंन आली."

नुसती मान हलवली असती तं भागलं असतं. त्यायनंच रस्ता करून देला होता.

"आलती," मी म्हटलं. "मले ऐकू आलती."

त्यायनं नजर पुन्हा छताकडे वळवली. शिव्या देतीन, हात झटकतीन, असं वाटलं मले, अन् तसं झालं असतं तं बरं झालं असतं. दुपारी दारात उभी होती तेव्हाही मले इतकं भेव वाटलं नव्हतं. "बोला ना काई," मी म्हटलं, "काईही बोला." त्यायनं डोळे मिटले. मी त्यायच्या छातीवर हात ठेवला अन् ती वरखाली होते का नाई, ते पाहत बसली.