वाक्य पुरं करणारी

नवऱ्याचा शब्द अडकला की पुढचं वाक्य बायकोनं पुरं करायचं, ही त्या घराची रीतच होऊन बसली होती. दारात पोस्टमन असो की दवाखान्यात डॉक्टर, हा अडखळला रे अडखळला की ही पटकन बोलून मोकळी. त्यात वावगं काय, असं तिला वाटे. संसार म्हणजे एकमेकांना सांभाळून घेणंच ना?

आता मात्र नवऱ्याच्या नोकरीवरच बेतलं होतं. वर्षानुवर्षं भाषांतरं टाइप करून नवऱ्याची दोन्ही मनगटं कामातून गेली होती. कीबोर्डला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कंपनीनं सोमवारपर्यंत मुदत दिली: आवाजानं कॉम्प्युटर चालवता आला तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस बघू. या वयात याला दुसरी नोकरी कोण देणार, डोंबल?

मशीनला आवाजाची ओळख पटावी म्हणून पडद्यावरची वाक्यं मोठ्यानं वाचायची होती. दोघं शेजारी शेजारी बसली. जिथं तो अडकला, तिथं सवयीनं उरलेलं हिनं वाचून टाकलं. काम चुटकीसरशी झालं, ही खूश. मग त्यानं घाम पुसत पहिला हुकूम सोडला, तर मशीन ढिम्म. हिनं वैतागून तोच हुकूम दिला आणि फाइल झटकन उघडली. मशीनला ओळख पटली होती ती हिच्याच आवाजाची.

लेकीला फोन लावला. ती सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "पुसून टाका आणि पहिल्यापासून करा. आणि आई, तू खोलीबाहेर बस."

दार लागलं. ही बाहेर स्टुलावर. आतून "म... म..." सुरू झालं. 'मजकूर' हा पुढचा शब्द हिच्या अगदी जिभेवर होता. तिनं तोंडावर हात दाबून धरला. मशीन तेवढं थांबेल का? वैतागून हा उठला तर? सोमवार तोंडावर आलाय, सांगून टाकावं का? तिला रडूच फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात आतून शब्द पुरा झाला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, रखडत का होईना.

बऱ्याच वेळानं त्यानं हाक मारली. फाइल उघडी होती आणि त्यात त्यानं बोलून लिहिलेल्या चार ओळी. तिचा जीव भांड्यात पडला. ती काही बोलणार, तोच त्यानं हात वर केला.

"तू पुरी केलेली वाक्यं," तो म्हणाला आणि अडकला. ती थांबली. "बऱ्याचदा म... माझी नसायची."

ती त्याच्या शेजारी बसली आणि तिला आठवलं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मनगटांचं विचारलं होतं, तेव्हाही हा असाच अडकला होता. 'आता बरी आहेत,' असं हिनंच सांगून टाकलं होतं.

"तेव्हा तुम्ही काय सांगणार होतात?" तिनं विचारलं.

"दु... दु..."

दुखतंय. तिला कळलं होतं. पण तो शब्द त्याच्या तोंडून पुरा बाहेर पडेपर्यंत ती खाली मान घालून गप्प बसून राहिली.