न झाडलेला जिना

रोझविटाबाईंच्या इमारतीत जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्यानं फिरते. दारावर पाटी टांगली की त्या घरानं जिना, तळघराचा बोळ आणि बाहेरचा फुटपाथ झाडायचा, तोही शनिवारी दुपारच्या आत. आमच्या जर्मनीतल्या श्वाबिया प्रांतात माणूस चर्च चुकवेल, पण ही पाळी चुकवणार नाही.

बाईंचं ब्लडप्रेशर मात्र वर चढलं ते उतरायला तयार नव्हतं. मुलगी आनेग्रेटनं सांगून टाकलं, "आई, सोमवारी डॉक्टरांकडे आकडा खाली आला नाही, तर हे घर सोडायचं आणि वृद्धाश्रमात जायचं. आता मी ऐकणार नाही." बाईंना घर जिवापेक्षा प्यारं. तीस-पस्तीस वर्षांची सवय, उन्हाची बाल्कनी. म्हणून तर त्या ध्यानाच्या वर्गाला गेल्या. शिवाय फी विमा कंपनी भरणार होती, आणि फी दुसरा कुणी भरणार असेल तर आमची माणसं उलटी टांगून घ्यायलाही तयार होतात.

वर्ग घेणारी सास्किया इतकी संथ बोलायची की तिच्या दोन वाक्यांमध्ये बटाटे उकडून झाले असते. शेवटच्या तासाला तिनं घरचा अभ्यास दिला. "या आठवड्यात... एक काम मुद्दाम करू नका. आणि मनात काय येतं... ते नुसतं बघा."

बाकीच्यांनी इस्त्री सोडली, कुणी खिडक्या पुसायच्या सोडल्या. रोझविटाबाईंना अर्धवट काही जमत नाही. त्यांनी जिना सोडला.

शनिवारी सकाळी त्या दाराच्या आत उशी टाकून बसल्या. श्वास आत, श्वास बाहेर. हात शिवशिवत होते. दहाच्या सुमारास तळमजल्यावरचे एबर्ले साहेब जिना चढता चढता थबकले.

"उलरिकेबाई, जरा बाहेर या. हे बघा."

समोरच्या उलरिकेबाईंचं दार उघडलं. "अगं बाई. झाडलं नाही? पाळी रोझविटाबाईंची आहे ना?"

"म्हणजे गेल्या," एबर्ले साहेब म्हणाले. "दुसरं कारण असूच शकत नाही."

"बेल वाजवून बघायची का?"

"शनिवारी सकाळी? बरं दिसतं का ते?"

उलरिकेबाई हळूच म्हणाल्या, "बाल्कनीला ऊन छान येतं त्यांच्या."

"माझा भाचा घर शोधतोय केव्हाचा. मालकाला आजच फोन करावा म्हणतो. उगाच उशीर नको."

"आधी फुलांचं बघा की हो."

"फुलं काय, सोमवारी स्वस्त मिळतात."

आत रोझविटाबाईंना शब्द न् शब्द ऐकू येत होता. इतकी वर्षं यांच्या कुंड्यांना पाणी घातलं, आणि आपली एक बेल वाजवण्याइतकीही किंमत नाही? पण सास्कियानं बघायला सांगितलं होतं, म्हणून त्या बघत राहिल्या. उठल्या नाहीत. मेल्याच आहोत तर घाई कसली, असं वाटून त्यांना थोडं हसूही आलं.

तेवढ्यात जिन्यावर झाडूचा आवाज सुरू झाला. बाई मेल्या तरी चालेल, पण जिना दुपारपर्यंत तसाच राहणं एबर्ले साहेबांना सोसेना. गुडघे धरत, कण्हत ते झाडत होते. बाई कान देऊन ऐकत होत्या. पायरी झाली. पुढची झाली. आणि कोपरा? कोपरा त्यांनी घेतलाच नाही.

दार धाडकन उघडलं.

"कोपरे राहिले, एबर्ले साहेब."

त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर आनंद म्हणावा असं काही नव्हतं. "जिवंत आहात? मग जिना का झाडला नाहीत?"

"ध्यान करत होते. तुमचं सगळं ऐकलं. भाच्याला सांगा, मी अजून बरीच वर्षं राहणार आहे. आणि फुलं महागाची आणा." दार लावून त्या पुन्हा उशीवर बसल्या. बाहेर झाडू परत सुरू झाला, या खेपेला कोपऱ्यांसकट.

सोमवारी डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला आणि परत एकदा मोजून पाहिला. आकडा उतरला होता. आनेग्रेट खुर्चीत मागे टेकली.

"कमाल आहे," डॉक्टर म्हणाले. "ध्यान लागू पडलं तुम्हाला. डोळे मिटल्यावर समोर काय आणता? तळं, डोंगर?"

"एबर्ले साहेबांचा भाचा," रोझविटाबाई म्हणाल्या. "पावसात घर शोधत फिरताना."