बाल्कनीची तिकिटं

मामांच्या नाट्यगृहाची बाल्कनी इतकी मोडकळीला आली होती, की मांजरसुद्धा वर पाऊल टाकण्याआधी दोनदा विचार करायचं. तुळईत लाकूड कमी, वाळवी जास्त. मामांनी जिन्याला कुलूप घातलं होतं, खालच्या रिकाम्या जागेला दोरी बांधली होती आणि दुरुस्तीचं 'बघू' म्हणून ठेवलं होतं.

या खेपेला त्यांनी तिकिटं विकणाऱ्या कंपनीला रामराम ठोकला. भाचीने नाट्यगृहाची स्वतःची वेबसाइट केली. "मामा, सीटचा नकाशा दे," ती म्हणाली. मामांनी भिंतीवरची फ्रेम उतरवून दिली. त्या जुन्या नकाशात बाल्कनी अजून धडधाकट होती.

प्रयोगाच्या संध्याकाळी मामा खुशीत प्रेक्षागृहात शिरले. डोक्यावर भुसा पडला. त्यांनी वर पाहिलं. बाल्कनी गच्च भरलेली.

मामा दाराकडे धावले. तिथे मामी लोकांच्या फोनवरची तिकिटं तपासत होत्या.

"वर माणसं कशी गेली?"

"जिन्याने," मामी म्हणाल्या. "तिकिटावर बाल्कनी होती, मी कुलूप काढलं. दुरुस्ती झाली असं तुम्हीच नाही का सांगितलंत?"

सांगितलं होतं खरं, त्यांची कटकट थांबावी म्हणून. मामांनी भाचीला कोपऱ्यात ओढलं. "तुळई सडलीय गं. आणि ओरडलो तर सगळे एकदम उठतील, आणि उठले की..." त्यांनी बोट वरून खाली आणून दाखवलं.

भाचीची बोटं फोनवर चालू लागली. "साइट आपली आहे, मामा. ज्यांनी तिकिटं घेतली त्यांचे नंबर आपल्याकडे आहेत."

तिने थांबून थांबून एकेका घराला निरोप धाडला: 'तुमची खास निवड झाली आहे. रंगमंचावर बसून नाटक पाहा. शेजाऱ्यांना कळू न देता, चवड्यांवर खाली या.'

आपल्याला मिळालं आणि शेजाऱ्याला नाही, या आनंदात माणूस किती हलका होतो ते मामांनी त्या दिवशी पाहिलं. भरल्या अंगाच्या बायका पिसासारख्या उतरल्या. तरी दर पावलाला तुळई कण्हायची आणि मामांचं काळीज हातभर खाली यायचं.

शेवटी एक आजोबा उरले, गाढ झोपलेले. तिकीट परगावच्या मुलाने काढलेलं, त्यामुळे निरोपही त्यालाच गेला होता. आजोबा घोरले की बाल्कनी भात्यासारखी वरखाली व्हायची.

मामा रांगत वर गेले. पायाखालची फळी मऊ लागत होती. दचकवून चालणार नव्हतं. ते कानाशी कुजबुजले, "आजोबा, खाली चहा आहे."

"साखर नको," आजोबा डोळे न उघडता म्हणाले.

कुठेतरी काडकन वाजलं.

"नाही घालत. चला, हळूच."

दोघे एकमेकांना धरून उतरले. मामांनी जिन्याला पुन्हा कुलूप लावलं.

नाटक रंगलं. प्रयोग संपला, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्या हादऱ्याने अख्खी बाल्कनी दोरीच्या आतल्या रिकाम्या जागेत धाडकन बसली. रंगमंचावर बसलेल्या प्रेक्षकांना वाटलं, हाही नाटकाचाच भाग. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

धुळीतून मामी चालत आल्या. "दुरुस्ती झाली होती ना?"

मागून आजोबांनी मामांचा सदरा ओढला. "अहो, चहाचं काय झालं?"

चहा मामांनी स्वतः आणला. अर्धा बशीत होता, उरलेला त्यांच्या सदऱ्यावर.